डबाभर एनसेबोयादो

लीथच्या सीगलना मुगाची खिचडी आवडते, हा शोध मला एका शुक्रवारी दुपारी लागला आणि शनिवारी सकाळी आठच्या ट्रेनने मी लंडनला निघाले. मधल्या काळात काय झालं ते आधी सांगते, नाहीतर बाईचं डोकं फिरलंय असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात ते म्हणून झालेलं आहे.

लीथ म्हणजे एडिनबराचं बंदर. तिथल्या एका जुन्या दगडी इमारतीत पहिल्या मजल्यावर आम्ही वीस वर्षं राहतो, आणि आमच्या बरोब्बर खाली तळमजल्यावर राहतात लुसियाबाई. वय ऐंशीच्या पुढे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरच्या, ग्वायाकील नावाच्या बंदरगावच्या. बोटीवरच्या एका स्कॉटिश इंजिनिअरशी लग्न करून चाळीसेक वर्षांपूर्वी त्या इकडे आल्या. तो माणूस आता नाही, मूलबाळ झालं नाही. आमची इरा लहान असताना मी शाळेच्या ऑफिसात नोकरीला आणि माझा नवरा मिलिंद हॉस्पिटलात, त्यामुळे शाळा सुटल्यावर ती लुसियाबाईंकडेच असायची. इरा त्यांना अबुएला (आजी) म्हणते. स्पॅनिश तिला मराठीपेक्षा चांगलं येतं. याचं मला वाईट वाटतं, पण त्यात लुसियाबाईंचा दोष नाही.

माझं आणि त्यांचं नातं डब्याचं. पहिल्या वर्षी मी त्यांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या आणि सहज बोलून गेले, की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. बाईंनी ते असं मनावर घेतलं की वीस वर्षांत माझा एकही डबा रिकामा आला नाही. कधी केक, कधी केळ्याचे काप, अगदीच काही नसलं तर दोन लिंबं.

दोन महिन्यांपूर्वी त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण घरी आल्यावर बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. उठेनात. आता आजाऱ्याला डबा पोचवणं आपल्या रक्तातच असतं, त्यामुळे मी रोज सकाळी ऑफिसला जाताना मऊ भात, पातळ वरण, मुगाची खिचडी असा डबा ठेवून जायचे. संध्याकाळी "मुय रिको" (फार छान) म्हणून त्या डबा हातात द्यायच्या. स्वच्छ पुसलेला आणि रिकामा. मला ते टोचायचं. पण आजारी माणसाकडून काय अपेक्षा करायची, असं म्हणून मी गप्प बसत होते.

त्या शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर आले आणि कपडे वाळत घालायला मागच्या हिरवळीवर गेले. लुसियाबाईंची खिडकी उघडी होती. त्या खुर्चीत बसून चमच्याचमच्याने खिचडी बाहेर टाकत होत्या आणि खाली सात-आठ सीगल शहाण्या पंगतीसारखे बसले होते. त्यातला एक तर चांगलाच गरगरीत झाला होता.

चिडावं की रडावं ते कळेना. कारण पुढच्या मंगळवारी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई बघायला येणार होती. लुसियाबाई नीट जेवतात का, आणि खुर्चीतून स्वतःच्या स्वतः उठून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत येतात का, एवढंच ती पाहणार. आल्या तर राहा घरी. नाहीतर केअर होम. जागासुद्धा बघून ठेवलेली. आणि इथे बाई दीड महिना सीगल पोसत बसल्या होत्या. चहाबिस्किटांपलीकडे पोटात काही नाही, तर पायात जोर कुठून येणार?

मी आत गेले आणि सरळ विचारलं, तुम्हाला खावंसं काय वाटतंय ते सांगा. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "एनसेबोयादो."

एनसेबोयादो म्हणजे ट्यूना माशाचा रस्सा. बाई त्यावर वीस मिनिटं बोलल्या. दीड महिन्यात मिळून त्या इतक्या बोलल्या नव्हत्या. त्यात युका नावाचा कंद असतो, टोमॅटो, जिरं, कोथिंबीर असते, वरून लिंबू पिळलेला कांदा. तो घरी कुणी करत बसत नाही, बंदरावर गाडीसमोर उभं राहून खायचा. इथे आल्यापासून त्यांनी तो खाल्लेला नव्हता. मी म्हटलं, मी करते, त्यात काय मोठंसं. त्यावर त्या माझा हात थोपटून म्हणाल्या, "नको मिहा (मुली), तू नको."

मी कोल्हापूरची. माझ्या रश्श्याला आजवर कुणी नको म्हटलेलं नाही. मी वर गेले आणि लंडनला शिकणाऱ्या लेकीला फोन लावला. एडिनबरात एक्वादोरी हॉटेल नाही, पण लंडनमध्ये पुष्कळ आहेत म्हणाली. बस. मिलिंदने विचारलं, एका वाडगाभर कालवणासाठी चारशे मैल? मी म्हटलं, हो, आणि माझा तीन पुडांचा स्टीलचा डबा काढला. तो दोन दिवस खाली लक्ष ठेवायला तयार झाला.

शनिवारचा दिवस स्वच्छ उन्हाचा होता. डावीकडे समुद्र पळत होता आणि मी मांडीवर रिकामा डबा घेऊन बसले होते. खरं सांगायचं तर मी आनंदात होते. लंडनला मी दहा वेळा गेले असेन, पण दरवेळी कुणाच्या तरी बारशाला नाहीतर व्हिसाच्या कामाला. निव्वळ खाण्याच्या मागावर पहिल्यांदाच.

किंग्ज क्रॉसला साडेबाराला इरा उभीच होती. "आई, मी फुल लिस्ट केलाय," ती म्हणाली. "टॉप थ्री जागा. रिव्ह्यूज पण वाचला. बाय टू ओ'क्लॉक आपण डन." इराच्या मराठीत लिंग आणि वचन कुठेही बसतात. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

पहिली जागा उत्तरेला, सेव्हन सिस्टर्समध्ये. ट्यूबमधून (भुयारी रेल्वेतून) वर आलो आणि नाकाला काय करू आणि काय नको असं झालं. तुर्की भट्टीतला पाव, घानाच्या दुकानातला सुका मासा, कोलंबियन बेकरीतलं चीज, सगळं एकाच फुटपाथवर. हॉटेल सापडेना, कारण ते हॉटेल नव्हतंच. एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या आत केस कापायचं दुकान, आणि खुर्च्यांवरच्या बायकांना "सॉरी, सॉरी" करत पलीकडे गेलं की पाच टेबलं आणि टीव्हीवर फुटबॉल. एका बाईच्या डोक्यावर रंग लावलेला होता. तिने स्वतः हात करून आम्हाला वाट दाखवली.

मालक जाड मिशांचे, गंभीर गृहस्थ. इराने एनसेबोयादो मागितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की आपण काही वावगं बोललो हे मला भाषा न कळताही समजलं. ते म्हणाले, आम्ही वरचे, डोंगरातले. रस्सा-बिस्सा खाली किनाऱ्यावरची माणसं खातात. म्हणजे मी नागपूरकराच्या घरी जाऊन सोलकढी मागितली होती. आता उठून जाणं बरं दिसेना म्हणून मी म्हटलं, तुमच्याकडचं काय ते द्या. त्यांनी यापिंगाचो आणले. बटाट्याचे चीज भरून तव्यावर खरपूस केलेले पॅटिस, आणि त्यावर दाण्याचा रस. हो, शेंगदाण्याचा! भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट दुधात शिजवलेलं. कढत बटाटा आणि दाणे तोंडात गेल्यावर मला एकादशी आठवली, फक्त उपास न धरता. मी बोटाने बशी पुसली. ते बघून मालकांच्या मिशा पहिल्यांदा हलल्या आणि त्यांनी न मागता आणखी दोन वाढले. निघताना रस्सेवाल्यांकडे कसं जायचं तेही सांगितलं: नदीच्या दक्षिणेला, एलिफंट अँड कॅसल.

तिथे पोचेपर्यंत अडीच वाजले. नावात हत्ती आणि किल्ला दोन्ही आहेत, पण मला उंचच उंच नवे टॉवर आणि त्यांच्या पायथ्याशी रेल्वेच्या कमानी तेवढ्या दिसल्या. त्या कमानींमध्ये मात्र सगळा दक्षिण अमेरिका खंड दुकान मांडून बसला होता. डोक्यावरून गाडी गेली की दुकानातल्या बाटल्या किणकिणायच्या आणि कुणीही मान वर करत नव्हतं. काउंटरवरच्या बाईने आम्हाला पाहून प्रेमाने हात हातात घेतला आणि सांगितलं, "से आकाबो." (संपलं.) शेजारच्या कमानीत गेलो. तिथेही से आकाबो. मागे एक भलंमोठं पातेलं घासून पालथं घातलेलं मला दिसलं. ते पाहून डोक्यात कुठेतरी काहीतरी हललं, पण नेमकं काय ते कळलं नाही.

निराशेवर उपाय म्हणून मी तिथल्या काचेच्या कपाटातला एक मोठा, सोनेरी लाडू घेतला. चावा घेतला तर तिखटमीठ, चीज आणि कच्चं केळं. गोड समजून मी घेतलेला तो घास आणि त्यानंतरचा माझा चेहरा, यावर इरा खांबाला धरून हसली. बोलोन म्हणतात त्याला. हिरवी केळी शिजवून, कुटून, लाडू वळून तळायचा. दुसऱ्या घासापासून मी त्याच्या प्रेमात पडले आणि इराला अर्धा देते म्हटलेलं विसरून गेले.

तिसरी जागा ओल्ड केंट रोडवर. बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली, म्हणून मी खूश, पण इरा फोनमधली यादी पुन्हापुन्हा चाळत होती. मग म्हणाली, "आई, नाही मिळाला तर अबुएलाला काय सांगायचा? शी'ज नॉट गोइंग टू अ होम. मी नाही जाऊ देणार." खिडकीकडे तोंड करून म्हणाली. मी तिच्या मांडीवर डबा ठेवला. आमच्यात डबा दुसऱ्याकडे देणं म्हणजे जबाबदारी देणं. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

टायरचं दुकान आणि गोदामात भरणारं एक चर्च यांच्या मध्ये ते हॉटेल होतं. चार वाजले होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून एक ठेंगणी, भरदार बाई फरशी पुसत होती. तिचं नाव दोन्या नेली. दोन्या म्हणजे बाई, आपल्यासारखंच, फक्त नावाच्या आधी. ही मान्ता नावाच्या ट्यूनाच्या बंदरातली. आम्ही एनसेबोयादो मागितल्यावर तिने मोठ्याने आत काहीतरी सांगितलं आणि आतून तीन-चार माणसांचं हसणं ऐकू आलं. इराला ते मराठीत सांगायला जड जात होतं.

"ती म्हणते, आत्ता? हा टायमाला? आई, तो ब्रेकफास्ट असतो. अकराला संपतो."

मी मटकन खुर्चीवर बसले. एक उलटी नसलेली शिल्लक होती म्हणून बरं. पालथं पातेलं बघून डोक्यात जे हललं होतं ते हेच. कोल्हापुरात दुपारी चारला मिसळ मागायला एखादा पाहुणा आला, तर आम्ही त्याला काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिसळ सकाळी खातात हे कधी कुणाला सांगतं का कुणी? लुसियाबाईंनीही सांगितलं नव्हतं. मी हे सगळं इराला सांगितलं, इराने दोन्या नेलीला सांगितलं, आणि बाईने फरशी पुसायचं सोडून माझ्या पाठीवर धपाटा घातला. तिच्याकडेही असे पाहुणे येतात.

मग तिने एक खुर्ची सुलटी करून इरालाही बसवलं आणि उरलंसुरलं म्हणून दोन ताटल्या आणल्या. ग्वातीता. मी वास घेतला आणि ओळखलं. वजडी. दाण्याच्या कुटातली वजडी, बटाटे घालून. आमच्या घरी रविवारी व्हायची तीच, फक्त तिखट निम्म्याहून कमी. "आई, तो स्टमक आहे," इरा हळूच म्हणाली. मला माहीत होतं, म्हणूनच तर मी तिची ताटलीही ओढून घेतली. खाता खाता मला हसू येत होतं. जगाच्या त्या टोकाला कुणीतरी वजडीला दाण्याचं कूट लावतंय हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना लुसियाबाईंची गोष्ट निघाली. पडणं, खुर्ची, सीगल, मंगळवार. सीगलपाशी दोन्या नेली हसली आणि मंगळवारपाशी थांबली. तिने एवढंच विचारलं, की त्या बाईने हे शेवटचं कधी खाल्लं. इराने चाळीस वर्षं म्हणून सांगितलं. दोन्या नेलीने पुसायची काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"उद्या सातला या," ती म्हणाली. "डबा तोच आणा."

इराच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून मी झोपले आणि साडेपाचलाच उठून तिला हलवलं. रविवारी सकाळी सातला लंडन रिकामं असतं असं वाटतं, पण ओल्ड केंट रोडवर रांग लागलेली होती. ऑफिसं झाडून घरी निघालेल्या बायका, चर्चला जाणारी कुटुंबं, फुटबॉलच्या कपड्यांतले पोक्त पुरुष. कुणी फार बोलत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष दाराकडे. मिसळीच्या रांगेतली शांतता अगदी अशीच असते.

माझ्यासमोर वाडगा आला. दाट, तांबूस रस्सा, जिऱ्याचा वास, माशाचे मोठे तुकडे, वर कांदा आणि बाजूला केळ्याचे खारे काप. पहिला चमचा घेतला. मग मान खाली घातली ती वाडगा संपल्यावरच वर केली. मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. लुसियाबाई मला "तू नको" का म्हणाल्या तेही समजलं, आणि त्यांचं खरं होतं. फोनमध्ये बघून इराने सांगितलं, की ते मऊ पांढरे कंदाचे तुकडे, म्हणजे युका, त्याच कंदाचा आपण साबुदाणा करतो. म्हणजे वीस वर्षं दर उपासाला मी लुसियाबाईंना साबुदाण्याची खिचडी देत होते ती त्यांच्याच गावच्या कंदाची. आजारपणात मुगाच्या ऐवजी तीच दिली असती तर सीगल उपाशी राहिले असते की काय कोण जाणे. या सगळ्या आनंदात मी वरच्या कांद्याकडे नीट बघितलंच नाही, आणि तेच पुढे नडलं.

डबा भरणं हा सोहळाच झाला. स्वयंपाकघरातली सगळी माणसं तो बघायला बाहेर आली, खिट्टी लावून, काढून झाली. खालच्या पुडात रस्सा, मधल्यात मासा आणि युका. कांदा मात्र द्यायला दोन्या नेली तयार होईना. कांदा प्रवास करत नाही, तो तिथेच कापायचा, लिंबू पिळून लगेच वाढायचा, एवढं तिने इराकडून दोनदा वदवून घेतलं. रस्सा सांडेल या काळजीने मी तिला हाताने दाखवलं, की आमच्याकडे बिर्याणीच्या हंडीला कणीक लावतात. तिने एम्पानादाच्या (करंजीसारखा पदार्थ) पिठाची वळकटी करून झाकणाच्या कडेने अशी दाबून बसवली, की मी स्वतः केली असती तर याहून बरी झाली नसती. वरचा पूड रिकामा होता. तो तिने केळ्याच्या कापांनी काठोकाठ भरला. मी पर्स उघडायला गेले तर म्हणाली, "यापा." यापा म्हणजे वरचं. भाजीवाली पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते ना, तेच. त्याला त्यांच्याकडे शब्द आहे आणि आपल्याकडे नाही, याचं मला नवल वाटलं.

निघताना इराला मी म्हटलं, चल तूही. तिची सोमवारी परीक्षा होती. तिने डबा माझ्या हातात दिला आणि फोन करशील ना, एवढंच तीनदा म्हणाली.

परतीची ट्रेन. माझ्या समोरच्या चार सीटवर न्यूकॅसलला निघालेल्या बायका, एकीचं लग्न ठरलेलं, डोक्यावर खोटे मुकुट. गाडी हलल्यावर अर्ध्या तासात त्यांच्या नाकाला वास लागला आणि कशाचा ते विचारून झालं. मी सगळी गोष्ट सांगितली. नवरी मुलगी रडली, इतरजणी केळ्याच्या कापांवर नजर ठेवून होत्या, पण ते मी दिले नाहीत. मग गाडी मध्येच थांबली. गार्डने सांगितलं, की रुळांवर हंस बसला आहे आणि तो उठेपर्यंत गाडी हलणार नाही. पाऊण तास तो पक्षी बसून होता. पक्ष्यांनी माझ्याविरुद्ध कट केलाय याबद्दल माझी खात्रीच झाली. मुकुटवाल्या बायका खिडकीतून त्याला ओरडून सगळी परिस्थिती समजावत होत्या. शेवटी तो उठला, आणि सबंध डब्याने टाळ्या वाजवल्या.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून ट्राम धरून लीथला पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि ऊन अजून पिवळं होतं. लुसियाबाई खुर्चीत, मिलिंद त्यांच्या शेजारी पेपर वाचत. मी तडक त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, पिठाचं सील सुरीने सोडवलं आणि रस्सा गरम करायला ठेवला. जिऱ्याचा वास सुटला तसा बाहेर पेपरचा आवाज थांबला.

आता कांदा. माझे हात वीस वर्षांच्या नव्हे, चाळीस वर्षांच्या सवयीने चालतात. दोन कांदे घेतले, बारीक चिरले, इतके बारीक की माझ्या सासूबाईंनीही नाव ठेवलं नसतं. लिंबू पिळलं, मीठ, कोथिंबीर, हाताने कालवलं. झकास कोशिंबीर झाली. त्या घरात दाण्याचं कूट नव्हतं म्हणून, नाहीतर तेही पडलं असतं. वाडगा भरला, वर कांद्याचा ढीग रचला आणि मोठ्या ऐटीत बाईंसमोर नेऊन ठेवला.

लुसियाबाईंनी वाकून वास घेतला. डोळे मिटले. मग डोळे उघडून चमचा उचलला, आणि तो हवेतच थांबला.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, कांदा.

"हा कांदा नाही," त्या म्हणाल्या. "हा भुसा आहे."

माझ्या डब्याबद्दल दीड महिना मुय रिकोशिवाय या बाईच्या तोंडून दुसरा शब्द आला नव्हता. त्यांनी चमचा खाली ठेवला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकवले. मी धरायला पुढे झाले तर मिलिंदने माझं कोपर गच्च पकडलं. बाई उठल्या. एकदा हलल्या, झिमर (चालण्याची चौकट) पुढे ओढली, आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी पावलं मोजली. चौदा.

आत जाऊन त्यांनी सुरी मागितली. सुरीला धार नाही म्हणून बोलल्या. लाल कांदा का आणला नाहीस म्हणून बोलल्या. मग ओट्याला पोट टेकवून उभ्या राहिल्या आणि कांदा कापायला लागल्या. त्यांच्या सुरीखालून अर्धचंद्र पडत होते, इतके पातळ की आरपार खालची फळी दिसत होती. मीठ लावून चोळले, धुतले, लिंबू पिळलं. तोवर रस्सा निवला होता, तो मी पुन्हा गरम केला. खुर्ची आणू का विचारलं तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. एनसेबोयादो बसून खात नाहीत.

त्या ओट्याशी उभ्या राहून जेवल्या. एक वाडगा, मग दुसरा. मी फोन ओट्याकडे धरून इराला ते दाखवत होते. शेवटी लुसियाबाईंनी तोंड पुसलं आणि विचारलं, करणारी कुठली आहे. मान्ताची, मी सांगितलं.

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "मीठ कमी आहे. आणि मिहा, ती पिवळी खिचडी आता पुरे. सीगल जाड व्हायला लागलेत."

मी त्यांना मिठी मारली, आणि मग मी आणि फोनमधली इरा दोघी एकदमच रडलो. मिलिंद उरलेले केळ्याचे काप खात होता.

मंगळवारी कौन्सिलची बाई आली. लुसियाबाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कांदा कसा कापायचा हे दाखवून आल्या, असं मला मागाहून कळलं. कौन्सिलची बाई तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाली. तोवर घरीच.

ऑफिसात सगळे विचारतात, लंडनला जाऊन काय पाहिलं. राजवाडा नाही, पूल नाही, नदी तेवढी बसमधून ओलांडली. मी एक पालथं पातेलं पाहिलं, डोक्याला रंग लावलेली एक बाई, आणि रुळांवरचा हंस. पण वीस वर्षं ज्या बाईच्या डोक्यावर मी राहते, तिच्या गावाला मात्र त्या दोन दिवसांत मी जाऊन आले असं मला वाटतं. आणि माझ्या गावालाही, जाता जाता.

बुधवारी सकाळी ऑफिसला निघाले. जिन्याच्या खालच्या पायरीवर माझा डबा ठेवलेला होता, धुतलेला, पुसलेला, खिट्टी लावलेली. मी उचलला, तर जड लागला.